मामीनं वाट लावली आणि मोडली

लोक सांगतात ती गोष्ट अशी: एक मीटरवाली बाई होती, तिच्या चुकीनं टेकडी उघडी पडली, मग तिनं तिथं झाडं लावली. झाडं लावली नाहीत. एक रोपटंसुद्धा नाही. माहीत नसेल तर तोंड कशाला उघडायचं? मी तिथं होते आणि ती माझी मामी आहे, म्हणून मी सांगते.

मामी पाण्याचे मीटर वाचते. बावीस वर्षं झाली. जिन्याखाली, संडासामागं, कुत्र्याची साखळी जिथं संपते त्याच्या बरोबर एक हात अलीकडं, जिथं जिथं म्हणून मीटर बसवायची लोकांना बुद्धी होते तिथं ती वाकते, झाकण उघडते, जाळं झटकते आणि आकडा वहीत घेते. बावीस वर्षांत तिला दारात बघून कुणी "बरं झालं आलात" म्हटलेलं नाही. "एवढं कसं आलं?" हेच म्हणतात, जसं काय पाणी तीच पिऊन गेली.

मी नववीत शाळा सोडली आणि मामा-मामीकडं राहायला आले, तेव्हा जो तो मला उपदेश करत होता. मामीनं एकच विचारलं, "दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालता येतं का?" दोन महिने तिच्याबरोबर फिरले. मग स्कूटर मिळाली आणि मी पार्सलं पोचवायला लागले, कारण मला एका जागी बसवत नाही. ती मला भिंगरी म्हणते.

त्या दोन महिन्यांत एक गोष्ट शिकले. पाण्याच्या मीटरवर आकडे असतात, आधी काळे आणि शेवटचे दोन लाल. काळे म्हणजे पूर्ण माप, बिल त्याच्यावर. लाल म्हणजे चिल्लर. ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगतात, लाल सोडून द्यायचे. मामीच्या हाताला ते इतकं बसलंय की शेवटच्या दोन आकड्यांपाशी तिचं पेन आपोआप उचललं जातं.

हे लक्षात ठेवा.

आता खेळाचं. एकदा एका बंद कारखान्याच्या भिंतीतल्या मीटरचं झाकण तिनं उघडलं, तर आत लोखंडाला चुंबकानं चिकटवलेली एक डबी. तिला वाटलं काहीतरी काळंबेरं असणार. उघडली तर चिमुकली वही, त्यात सह्या आणि तारखा, आणि एक चिठ्ठी: ही डबी खेळातली आहे, सापडली तर सही करा, जागच्या जागी ठेवा, या नंबरला कळवा. मामी कामाची पक्की. तिनं सही केली, तारीख टाकली आणि सवयीनं त्या मीटरचा आकडाही टाकला. मग नंबरवर कळवलं.

तिकडून निरोप आला, "ताई, ०४८१७ म्हणजे काय? नवीन कोडं आहे का?"

"मीटर," मामीनं लिहिलं.

"तुम्ही आमच्या खेळात आहात का?"

"नाही. ड्यूटीवर आहे."

तिकडं म्हणे लोक पोट धरून हसले. निरोप पाठवणारा होता ग्रुपचा ॲडमिन, औषधाच्या दुकानातला. त्यानं मामीला ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपचं नाव 'डबी कुठंय', खेळाचं नाव जिओकॅशिंग. एकानं डबी लपवायची, ती कुठं आहे त्याचे अक्षांश-रेखांश ग्रुपवर टाकायचे, बाकीच्यांनी फोन घेऊन शोधायची. सापडली की ग्रुपवर लिहायचं 'सापडली'. नाही तर 'सापडली नाही', तेही खरं खरं. आणि एक नियम सगळ्यात वरचा: रिकाम्या हातानं परत यायचं नाही. वाटेत जो कचरा दिसेल तो पिशवीत घालून आणायचा.

मामी तिथं मीटरताई झाली. ती दोन दिवस काही बोलली नाही तर लोक विचारायचे, "मीटरताई कुठं आहेत?" तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. जिला बघून बावीस वर्षं लोक दार लावून घेतात तिला विचारा. दर गुरुवारी तिची सुट्टी, दर गुरुवारी ती टेकडीच्या जंगलात. येताना पाठीवर पोतं. मामाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "लोकांच्या बायका बाजारातून भाजी आणतात, आमची डोंगरातून बाटल्या आणते."

मग तिनं स्वतःची पहिली डबी लपवली. जागा शोधायला सहा महिने लावले. तिला अशी जागा हवी होती की शंभर माणसं आली तरी कुणाच्या पायाखाली काही मरू नये. शेवटी टेकडीच्या माथ्यावर उघडा कातळ सापडला, वर जायला पहिल्यापासून दगडी पायऱ्या. गवताची काडी तुडवायची गरज नाही. कातळाच्या कपारीत डबी ठेवली, फोनवरचा आकडा मीटरच्या वहीत उतरवला आणि घरी येऊन ग्रुपवर टाकला.

डबी कुणालाच सापडेना.

"सापडली नाही." "सापडली नाही, दुसऱ्यांदा." "ताई, काहीतरी हिंट द्या." मामी छाती फुगवून लिहायची, "नीट शोधा, डबी जागेवर आहे." खोटं नव्हतं. ती दर गुरुवारी पायऱ्यांनी वर जायची, कपारीत हात घालायची, डबी जागेवर. डबीचा बोलबाला झाला. दुसऱ्या शहरांतल्या ग्रुपांत तिची चर्चा व्हायला लागली, लोक गाड्या काढून यायला लागले. तीन महिने हे चाललं. मामीची मान ताठ.

एका सकाळी ॲडमिननं ग्रुपवर पत्राचा फोटो टाकला. वनखात्याच्या गार्डचं पत्र. टेकडीच्या पश्चिमेच्या उतारावर तुमच्या लोकांनी गवत तुडवून वाट पाडली आहे, माती सुटून खालच्या ओढ्यात जात आहे, जंगलातल्या सगळ्या एकतीस डब्या आठ दिवसांत काढून न्या, यापुढं हा खेळ इथं बंद.

"पश्चिमेचा उतार?" मामी म्हणाली. "तिथं तर एकही डबी नाही."

मी तिला स्कूटरवर घालून नेलं. खालच्या रस्त्यावरूनच दिसली. गवतातून वर चढत गेलेली, एखाद्याच्या टाळूवरच्या भांगासारखी वाट, मधे एक वळण, आणि वर टोकाला परातीसारखं गोल रिंगण तुडवलेलं, कारण तिथं पोचून माणसं गोल गोल फिरत होती. वळवाच्या दोन सरींतच ओढ्याचं पाणी चहासारखं झालेलं. तोच ओढा पुढं शहराच्या टाकीत जातो. म्हणजे मामी ज्या पाण्याचे आकडे घेते तेच पाणी.

मामी त्या रिंगणाकडं बघत उभी राहिली. मग तिनं पिशवीतून वही काढली, फोनवर डबीची साठवलेली जागा उघडली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"भिंगरे, मी लाल आकडे सोडले."

फोननं अक्षांशाच्या आणि रेखांशाच्या शेवटी पॉइंटनंतर तीन तीन आकडे दिले होते. मामीच्या पेनानं शेवटचे दोन दोन लिहिलेच नाहीत. ॲडमिनला ते अर्धवट दिसले, त्यानं न विचारता पुढं शून्यं भरून सगळ्यांना दिले. दोघांनी मिळून डबी दोनशे पावलं पश्चिमेला सरकवली होती, निव्वळ गवतात.

मी म्हटलं, "ॲडमिनची चूक. त्यानं शून्यं टाकली."

"त्याला अर्धा आकडा कुणी दिला?"

"मग माझ्या फोनवरून गेला असं सांगू. मला आकडे येत नाहीत हे सगळ्यांना लगेच पटेल."

"पटेल, म्हणूनच नको," मामी म्हणाली. "आकडा माझा आहे."

तिथूनच ती गार्डच्या चौकीत गेली. चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीला शिडी टेकवलेली. गार्ड पन्नाशीचा, आवाज चढा.

"तुमच्या ग्रुपनं टेकडीची वाट लावली, बाई."

"ग्रुपनं नाही. मी लावली." मग तिनं लाल आकड्यांपासून सगळं सांगितलं. "आता मीच मोडते. वेळ द्या."

"वाट पाडायला पाय पुरतात. मोडायला काय लागतं माहितीय?"

"नाही. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

गार्डला बहुतेक लिहून घेणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. त्याचा आवाज जरा खाली आला. म्हणाला, पाऊस आता सुरू होईल, संपेपर्यंत चार महिने. तोवर डब्या राहू देत. चार महिन्यांनी मी येईन आणि मला तिथं वाट दिसली, तर एकतीसच्या एकतीस बाहेर, कायमच्या. कबूल? मामी म्हणाली, कबूल.

घरी येऊन तिनं ग्रुपवर सगळं लिहिलं. एक बोटानं टाइप करते, अर्धा तास लागला. मग निवृत्त गणिताचे सर होते ग्रुपमध्ये, त्यांनी लिहिलं, "बावीस वर्षांत किती बिलं चुकली असतील मग?"

मी त्यांना उत्तर टाइप करायला घेतलं. छापण्यासारखं नव्हतं. मामीनं फोन काढून घेतला.

ॲडमिननं लिहिलं, "शून्यं मी भरली. विचारायला हवं होतं." मग बाकीचे सुरू झाले. रविवारी सगळे येतो, कुदळी आणतो, रोपं आणतो, टी-शर्ट छापू या.

मामीनं लिहिलं, "येऊ नका."

"मदत करायचीय, ताई."

"चाळीस माणसांचे ऐंशी पाय. तीच तर वाट आहे. मदत करायची तर येऊ नका. चार महिने."

हे लोकांना जड गेलं. काहीतरी करा म्हटलं की माणूस धावतो. काही करू नका म्हटलं की त्याला अपमान वाटतो. मलाही वाटला असता, पण मामीनं मला काम दिलं. जुना चुकीचा आकडा बाहेरच्या ग्रुपांत अजून फिरत होता आणि त्या आकड्यावर माणसं येतच राहणार होती. मी अकरा ग्रुपांत शिरले. नऊ ठिकाणी सरळ सांगून काढायला लावला. दोन ठिकाणी भांडून. एकानं विचारलं, "तू कोण सांगणारी?" मी म्हटलं, मी भाची. एवढं पुरलं.

आणि दर गुरुवारी आम्ही दोघी उतारावर. शेजारच्या दगडांवर पाय ठेवत जायचं, वाटेवर नाही. पायांनी माती फरशीसारखी घट्ट झाली होती, ती तीन दातांच्या काट्यानं वीत-वीतभर सैल करायची, उलटवायची नाही. वरून पाणी धावत येऊ नये म्हणून आडवे दगड, त्यामागं पोती. त्यावर गार्डनं दाखवलेल्या जागेवरून कापलेलं, बी धरलेलं वाळकं गवत पसरायचं. वाटेच्या तोंडाशी वाळक्या काटेरी फांद्या, पण कुंपण वाटतील अशा नाही. पडलेल्या वाटतील अशा. मामी म्हणाली, "कुंपण दिसलं की लोकांना पलीकडं जावंसं वाटतं. काहीच दिसलं नाही की पाय पुढं निघून जातो."

मग तिनं खालपासून वरपर्यंत वीस खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक खुंटीपाशी उघडी माती किती रुंद आहे ते मोजायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मोजपट्टी घरी राहिली म्हणून बोटांनी मोजलं, मग बोटंच ठेवली. पहिला गुरुवार, पहिली खुंटी, चाळीस बोटं. मीटरची जुनी वही उलटी करून मागच्या पानांवर सगळं मांडलं. आणि माझ्याकडून एक लाल पेन मागवलं. अर्धं बोट, पाव बोट, जे काही वर उरेल ते लाल पेनानं.

मामानं वही बघितली. "आता टेकडीला बिल पाठवणार का?"

"टेकडीनं मला पाठवलंय," मामी म्हणाली. मामानं दुसऱ्या दिवशी दुकानातून वहीला प्लास्टिकचं कव्हर घालून आणलं.

दीड महिन्यात आकडे उतरायला लागले. तीस, बावीस, काही ठिकाणी पंधरा. मग एका गुरुवारी गेलो तर अकराव्या खुंटीपाशी, वाट जिथं वळते तिथं, पोतं सरकलेलं, दगड निसटलेला, सैल केलेली माती रात्रीच्या पावसानं धुऊन नेलेली. आणि कडेला, पसरलेल्या गवताच्या आडोशाला, ओल्या मातीत चपलांचे दोन-तीन ठसे टिकलेले. प्रत्येक ठशाशेजारी एक गोल भोक, रुपयाएवढं.

मी शिव्या देत होते. मामी भोकाजवळ बसली, बोट घालून बघितलं. "काठी आहे," ती म्हणाली. "रबर झिजलंय एका बाजूनं." बावीस वर्षं दारोदार गेलेल्या बाईला कुणाच्या दारात कसली काठी टेकलेली असते हे माहीत असतं.

आम्ही सरांच्या दारात. सर बाहेर आले आणि सवयीनं भिंतीकडं बोट केलं, "मीटर बाहेर आहे."

"माहितीय. आज आत येते," मामी म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली. चिखलाच्या पायांनी. सरांच्या सुनेनं फरशीकडं बघितलं.

सर आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "मी फक्त बघायला गेलो होतो. एकदाच. किती भरलंय ते."

"सर, सगळे फक्त बघायलाच गेले होते. एकदाच."

मामीनं वही काढून पुढं ठेवली. "अकरावी खुंटी. मागच्या गुरुवारी अठरा होतं. आज एकतीस. तेरा बोटं तुमची."

सरांनी चष्मा लावला. मास्तर माणूस, आकड्यांपुढं त्यांना खोटं बोलता येईना. पानं मागं-पुढं उलटली, लाल आकड्यांपाशी बोट टेकवलं. "हे पाव-पाव कशाला लिहिता?"

"तुम्हीच विचारलं होतंत, किती बिलं चुकली असतील."

सरांनी वही बंद केली आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर स्वतः लिहिलं: अकराव्या खुंटीपाशी मी गेलो होतो, माती माझ्यामुळं गेली. मी काहीतरी म्हणणार होते, पण मामी माझ्याकडं बघत होती.

त्यानंतर सर रोज सकाळी खालच्या रस्त्यावरच्या बाकावर बसायला लागले. बाहेरगावचं कुणी फोन हातात धरून उताराकडं वळलं की काठी आडवी करायचे. "आकडा काय आहे तुमच्याकडं? दाखवा. शेवटी शून्य-शून्य? हा चूक आहे. बरोबर लिहून घ्या, पायऱ्यांनी जा." लोक परीक्षेला बसल्यासारखे लिहून घ्यायचे. मामीची डबी चार महिन्यांत कातळावर सव्वीस जणांना सापडली. मला सर अजून आवडत नाहीत. पण त्या बाकावरून ते एक दिवस हलले नाहीत, हे खरं.

अकराव्या खुंटीवर मामीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाकी खुंट्यांवर अर्धा तास, त्या एकीवर दोन तास. मी एकदा म्हटलं, "मामी, एवढंसं राहिलं तर त्याला काय कळणार?"

"मला कळेल," ती म्हणाली. "काटा दे इकडं."

चार महिने झाले. गार्ड आला. आदल्या आठवड्यात आम्ही खुंट्या काढल्या होत्या, पोतीही, कारण गवतच उभं राहिलं होतं, गुडघ्याएवढं. गार्ड रस्त्यावर उभा राहून बघतो, दहा पावलं डावीकडं जातो, वीस पावलं उजवीकडं. मग दगडांवरून थोडा वर चढला. खाली आला. टोपी काढून डोकं खाजवलं.

"कुठं होती हो?"

मी मामीचा कोपर धरला आणि दाबला. दाबण्याचा अर्थ कुणालाही कळला असता.

मामीनं कोपर सोडवून घेतला. "इकडून या. दगडावरून. इथं वळण होतं." तिनं दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. खाली लांबट, फटीसारखी उघडी माती. "ही राहिलीय. चार बोटं."

एकतीस डब्या. अर्ध्या शहराचा खेळ. तिची ती एकच जागा, जिथं लोक तिची वाट बघतात. सगळं त्या चार बोटांत घालून तिनं त्या माणसापुढं ठेवलं.

गार्ड उकिडवा बसला, बोटं लावली. "तीनच आहेत."

"तुमची जाड आहेत. माझी मोजा." तिनं स्वतःची लावली, वाकून बघितलं. "चार नाही. साडेतीन."

गार्डनं बसल्या बसल्या मान वर केली. "बाई, मला दिसली नव्हती."

"माहितीय."

"मग दाखवली कशाला?"

"आहे म्हणून."

तो उठला, गुडघे झटकले. "मी काय म्हणालो होतो? मला दिसली, तर डब्या बाहेर. मला दिसली नाही. तुम्ही दाखवली. ते वेगळं." मग आवाज चढवून, कारण त्याशिवाय त्याला बोलता येत नसावं, म्हणाला, "या उतारावर मात्र अजून वर्षभर कुणी फिरकायचं नाही. आणि ती वही. पळायला येणाऱ्या लोकांनी उत्तरेला अशाच दोन वाटा पाडल्यात. वहीची झेरॉक्स मिळेल का?"

"नवऱ्याचं दुकान आहे," मामी म्हणाली. "पण उत्तरेला आधी मी बघून येते. झेरॉक्सनं वाट मोडत नाही."

ग्रुपवर सगळे बसलेच होते. ॲडमिननं विचारलं, "काय झालं? वाट सापडली का?" सरांनी लगेच लिहिलं, "सापडली नाही म्हणा ताई, एकदा तरी आनंदानं म्हणू द्या."

मामी रस्त्यावरच्या बाकावर सरांच्या शेजारी बसली आणि एक बोटानं टाइप करायला लागली. सर मान लांब करून बघत होते. तिनं लिहिलं:

"सापडली. साडेतीन बोटं. डब्या राहतील."

मग वही मांडीवर घेतली, अकराव्या खुंटीपुढं काळ्या पेनानं तीनचा आकडा घातला, पॉइंट दिला आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला.

"भिंगरे, लाल दे."